दुसऱ्यांदा डेंग्यू

पावसाळ्यात सुरतच्या उधन्यात डेंग्यूचा विषय निघाला की लूमवर काम करणारी आपली खानदेशी मंडळी म्हणतात, "मला होऊन गेलाय, आता भीती नाही." हे अर्धंच खरं. विषाणूच्या अंगावर ई-प्रथिनाच्या 180 प्रती दाटीनं बसलेल्या असतात. पहिल्या आजारात शरीरानं बनवलेली प्रतिपिंडं त्या ओळखून घट्ट धरतात आणि विषाणूला पेशीत शिरू देत नाहीत. पण विषाणूचे प्रकार चार. एकाविरुद्धची प्रतिपिंडं दुसऱ्याला कधीकधी नुसतीच चिकटतात, आणि त्यांचीच शेपटी धरून पांढऱ्या पेशी जिवंत विषाणूला आत ओढून घेतात. रखवालदारानंच दार उघडावं, तसं! म्हणून दुसरा डेंग्यू जास्त घातक ठरू शकतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचा आयजीएम संच रक्तातली प्रतिपिंडंच शोधतो, पण ती दिसायला पाचेक दिवस लागतात; त्याआधी विषाणूचंच प्रथिन शोधणारी एनएस-1 चाचणी. या अंकातला मुख्य लेख या दोन चाचण्यांवर आहे.