टीव्ही घ्यावा खोली पाहून

गणपती-दिवाळीच्या दिवसांत खडेबाजारातल्या टीव्हीच्या दुकानात पाच मिनिटे उभे राहावे. "एलसीडी नको, एलईडी दाखवा," असे एक गिऱ्हाईक म्हणत असते, तर दुसरे "एलईडी आता जुना झाला, क्यूएलईडी आहे का?" असे विचारत असते. वीस वर्षांपूर्वी अशाच दुकानांत "प्लाझ्मा घेऊ की एलसीडी?" अशी विचारणा व्हायची. त्या जोडीतला प्लाझ्मा आज नवा मिळत नाही. पॅनासॉनिकने २०१३ च्या अखेरीस त्याचे उत्पादन थांबवले आणि २०१४ साली सॅमसंग व एलजी यांनीही तो बंद करण्याचे जाहीर केले. तरीही वाचकहो, तो जुना सामना आठवण्यासारखा आहे. आजच्या खरेदीतला पेच तोच आहे, फक्त नावे बदलली आहेत.

आधी दोघांची जातकुळी पाहू. प्लाझ्मा पडदा १९६४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात जन्मला. डोनाल्ड बिट्झर आणि जीन स्लॉटो हे प्राध्यापक आणि रॉबर्ट विल्सन हा विद्यार्थी, या तिघांना शिकवण्याच्या संगणकासाठी पडदा हवा होता, त्यातून तो निघाला. त्यात निऑन व झेनॉन वायूंनी भरलेले लाखो बारीक कप्पे असतात. वीज मिळाली की वायूतून अतिनील किरण निघतात, ते फॉस्फरच्या लेपावर पडतात आणि कप्पा उजळतो. आपली ट्यूबलाइट पेटते तीही अशीच. म्हणजे इथे प्रत्येक ठिपक्याचा दिवा स्वतंत्र.

एलसीडीचे तसे नाही. त्यात पडद्यामागे दिवे सतत जळत असतात आणि पुढचे द्रवस्फटिक झडपेसारखे उघडमीट करून प्रकाश सोडतात किंवा अडवतात. झडप कितीही घट्ट मिटली तरी थोडा उजेड झिरपतोच. त्यामुळे रात्रीच्या प्रसंगात काळा रंग करडा दिसे. कन्नडमध्ये ज्याला आपण 'कप्पु' म्हणतो, तो खराखुरा काळा पाहावा तर प्लाझ्मावरच. क्रिकेटचा वेगवान चेंडू प्लाझ्मावर स्वच्छ दिसे, तर त्या वेळच्या एलसीडीवर त्याच्यामागे पुसट शेपूट येई. खोलीच्या कोपऱ्यात बसलेल्या पाहुण्यालाही प्लाझ्माचे रंग फिके वाटत नसत.

मग चांगले चित्र असून तो हरला कसा? एक कारण दुकानातच होते. शोरूममध्ये डोक्यावर झगझगीत दिवे असतात. त्या उजेडात एलसीडी जास्त तेजस्वी दिसे आणि प्लाझ्माच्या काचेवर दिव्यांचे प्रतिबिंब पडे. अंधारात ज्याची खरी कसोटी, त्याची परीक्षा भर उजेडात होत होती. दुसरे कारण विजेचे. ४२ इंची प्लाझ्मा बहुधा दोनशे वॉटच्या वर वीज घेई. दोनशे वॉट आणि रोज पाच तास धरले, तर दिवसाला एक युनिट, महिन्याला तीस. शिवाय तो वजनदार, गरम होणारा आणि लहान आकारात न परवडणारा. एलसीडीचे तंत्र मात्र लॅपटॉप, मॉनिटर, मोबाइल सगळ्यांतच वापरले गेले. कारखाने वाढले आणि किमती उतरत गेल्या.

आता आजच्या बाजाराकडे येऊ. एलईडी टीव्ही म्हणजे एलसीडीच, फक्त मागच्या बारीक नळ्यांच्या जागी एलईडी दिवे आले. क्यूएलईडी हाही एलसीडीच, रंग खुलवणारा एक थर वाढवलेला. निराळा आहे तो ओएलईडी. त्यात पुन्हा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, म्हणून तो प्लाझ्माचा खरा वारसदार. काळा रंग तसाच अस्सल, आणि दोषही तसाच: एकच चित्र जागचे न हलता तासन् तास राहिले, तर त्याचा डाग पडद्यावर कायमचा राहू शकतो.

हा दोष आपल्याकडच्या घरांनी मनावर घ्यावा. आपल्या घरात सकाळी बाबांच्या कन्नड बातम्या, दुपारी-संध्याकाळी आजीच्या, अज्जी म्हणा हवे तर, मराठी मालिका. बातम्यांच्या तळाशी लाल पट्टी, कोपऱ्यात वाहिनीचे बोधचिन्ह, तेही रोज त्याच जागी. असा टीव्ही दिवसभर चालत असेल तर महागडा ओएलईडी घेण्याआधी दहादा विचार करावा आणि असा डाग वॉरंटीत बसतो का, हे लेखी विचारून घ्यावे. रात्री दिवे मालवून सिनेमा पाहणारे घर असेल, तर मात्र ओएलईडीसारखे सुख नाही. शहापूरच्या जुन्या घरातले अंधारे माजघर आणि टिळकवाडीतल्या फ्लॅटचा मोठ्या खिडक्यांचा हॉल, यांना एकच टीव्ही शोभणार नाही. उजेडाच्या हॉलला चांगला एलसीडी, म्हणजे आजचा एलईडी, पुरेसा आहे. ४३ इंचीला वीजही बहुधा शंभर वॉटच्या आत लागते.

आकाराचेही तेच. फोर-के पडद्यावर सुमारे ८३ लाख ठिपके असतात, तर साध्या वाहिनीच्या चित्रात जेमतेम चार लाख. उरलेले टीव्ही अंदाजाने भरतो. म्हणून साध्या वाहिन्याच पाहणाऱ्या घरात ६५ इंची पडद्यावर चेहरे पुसट दिसतात आणि बोल टीव्हीला लागतो. ४३ इंचीसाठी पडदा ते सोफा सहा-सात फूट अंतर ठीक, ५५ इंचीसाठी आठ-नऊ.

तेव्हा दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात: सोफ्यापासून भिंतीचे अंतर, टीव्ही पाहण्याच्या वेळी खोलीत असणारा उजेड, आणि घरात सर्वांत जास्त वेळ लागणारी वाहिनी. दुकानदाराला रिमोट मागून चित्र 'व्हिव्हिड'वरून 'सिनेमा'वर आणायला सांगावे आणि आपलीच नेहमीची वाहिनी लावून बाजूने, समोरून पाहावी. शोरूममध्ये फिरणारे फुलपाखरांचे आणि धबधब्यांचे चित्रीकरण टीव्ही विकण्यासाठीच केलेले असते. आपल्याला त्यावर रोज बातम्या आणि मालिका पाहायच्या आहेत.