दोन नाताळ, एक ईस्टर

भिंतीवरचे कॅलेंडर चाळताना एक गोष्ट सहज लक्षात येते. नाताळ दरवर्षी न चुकता २५ डिसेंबरला येतो. गुड फ्रायडे मात्र कधी मार्चअखेर, कधी एप्रिलच्या मध्यावर. लहानपणी मला याचे कोडे पडत असे. पुढे कळले की ख्रिस्ती वर्षाला सूर्य आणि चंद्र दोघांचेही भान ठेवावे लागते. नाताळ सूर्याच्या तारखेला बांधलेला. ईस्टरला मात्र चंद्र हवा. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा आणि तिच्यानंतरचा पहिला रविवार, तो ईस्टर. त्याआधी ४६ दिवस भस्म बुधवार, तेथून उपवासकाळ आणि ईस्टर धरून पन्नासाव्या दिवशी पेन्टेकॉस्ट. ईस्टर सरकला की ही सारी माळ सरकते. तिथी आणि तारीख यांचा रोज मेळ घालणाऱ्या मराठी घराला यात नवल वाटू नये.

नवल आहे ते पुढेच. हा सण जगातले सगळे ख्रिस्ती एकाच दिवशी साजरा करीत नाहीत. २०२४ साली रोमचा ईस्टर ३१ मार्चला झाला आणि ऑर्थोडॉक्स चर्चचा ५ मे रोजी. २०२५ साली मात्र दोघांचाही २० एप्रिललाच आला. योग असा की, ईस्टर सर्वांनी एकाच दिवशी पाळावा असे ज्या निकियाच्या परिषदेने इ.स. ३२५ मध्ये ठरवले, तिला त्याच वर्षी १७०० वर्षे पूर्ण झाली. सर्वांना मान्य होईल ती तारीख स्वीकारायला आम्ही तयार आहोत, असे पोप फ्रान्सिस यांनी जानेवारीत सांगितले होते. ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी त्यांचे निधन झाले. नोव्हेंबरात त्यांचे उत्तराधिकारी लिओ चौदावे तुर्कस्तानातील इझनिकला, म्हणजे जुन्या निकियाला, गेले आणि पेट्रिआर्क बार्थोलोम्यू यांच्यासह त्यांनी प्रार्थना केली. मग अडते कुठे?

गणितात तर नक्कीच नाही. जुन्या ज्युलियन गणनेचे वर्ष खऱ्या सौरवर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठे. ही मिनिटे साठत गेली आणि १५८२ साली पोप ग्रेगरी तेरावे यांनी ती चूक सुधारताना ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर धरला. पूर्वेकडच्या चर्चने हे मानले नाही. आता फरक १३ दिवसांचा आहे. म्हणून जुन्या गणनेचा २५ डिसेंबर आपल्या ७ जानेवारीला पडतो. पौर्णिमेचे जुने कोष्टकही खऱ्या चंद्राच्या मागे पडले आहे. यावर तोडगाही तयार आहे. जेरुसलेमच्या रेखांशावरून खगोलशास्त्राने विषुवदिन आणि पौर्णिमा ठरवावी, असा प्रस्ताव १९९७ साली अलेप्पोच्या बैठकीत मांडला गेला. इतकी वर्षे तो कागदावरच आहे.

का, याचे उत्तर मला युक्रेनमध्ये सापडते. तिथल्या बहुसंख्यांचा नाताळ ७ जानेवारीचा. २०१७ साली २५ डिसेंबरलाही सरकारी सुटी मिळाली, पण जुना दिवस कायम राहिला. २०२२ साली रशियाने आक्रमण केले आणि मॉस्कोच्या दिवशीच नाताळ करायचा का, हा प्रश्न घराघरांत शिरला. २८ जुलै २०२३ रोजी, आपल्याकडे अधिक श्रावण चालू असताना, राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांनी ७ जानेवारीची सुटी रद्द करणाऱ्या कायद्यावर सही केली. युक्रेनचे स्वतंत्र ऑर्थोडॉक्स चर्च आणि तिथले ग्रीक कॅथलिक चर्च १ सप्टेंबरपासून नव्या गणनेवर आले. मॉस्कोशी जुने नाते असलेले दुसरे ऑर्थोडॉक्स चर्च मात्र ७ जानेवारीवरच राहिले. एका देशात दोन नाताळ झाले. आजीचा एक आणि नातवंडांचा दुसरा, अशी घरे अशा वेळी किती असतील याची कल्पना करावी.

पण खरी मेख पुढे आहे. नाताळ बदलणाऱ्या या चर्चेसनी ईस्टर बदलला नाही; तो जुन्याच कोष्टकाने चालू ठेवला. नाताळ हलवताना साथ सोडायची होती ती मॉस्कोची. ग्रीसपासून रुमानियापर्यंत अनेक ऑर्थोडॉक्स चर्चेस आधीपासूनच २५ डिसेंबर पाळत होती. ईस्टर हलवला असता तर जवळजवळ साऱ्या ऑर्थोडॉक्स जगाची साथ सुटली असती. गणित दोन्हीकडे एकच होते, निर्णय मात्र उलटे झाले. सणाची तारीख ठरते ती आकाशाकडे पाहून नव्हे, आपण कोणाबरोबर उपास धरणार आणि कोणाबरोबर सोडणार, हे पाहून.

आपल्यालाही हे परके नाही. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांचा अधिक महिना कधी वेगळा येतो आणि त्यांचा गणपती इतरांपेक्षा महिनाभर आगेमागे बसतो. कोणाचे गणित अचूक, यावर वाद पुष्कळ होतात; पण वादात हरले म्हणून पंचांग बदलणारे घर मी तरी पाहिलेले नाही.

म्हणून एक तारीख हवी असणाऱ्यांनी घाई करू नये, असे मला वाटते. १९२४ साली ग्रीसच्या चर्चने नाताळाची गणना सुधारली, तेव्हा जुन्या कॅलेंडरच्या अभिमान्यांनी वेगळी चूल मांडली. ती फूट आजही सांधलेली नाही. आणि तारीख एक झाली म्हणजे मने एक झाली, असेही नाही. युक्रेन आणि रशिया यांचा ईस्टर तर नेहमीच एका दिवशी येतो. तरीही १३ एप्रिल २०२५ रोजी, झावळ्यांच्या रविवारी, सुमी शहरावर रशियन क्षेपणास्त्रे पडली आणि तीसहून अधिक माणसे मेली. आठवड्याने ईस्टरसाठी तीस तासांचा युद्धविराम जाहीर झाला. तो मोडल्याचा आरोप दोन्ही बाजूंनी एकमेकांवर केला.

२०२७ साली ईस्टर पुन्हा २८ मार्च आणि २ मे असे दोन होतील. २०२८ साली १६ एप्रिलला पुन्हा एक. चंद्र-सूर्य आपले काम चोख करीत राहतील. एका पंगतीला बसायचे की नाही, हे मात्र त्यांच्यावर सोपवता येत नाही. ते माणसांनाच ठरवावे लागते.