रिकाम्या सात ओळी

'टूर द फ्रान्स' ही जगातील सर्वांत मानाची सायकल शर्यत. सुमारे तीन आठवडे, तीन हजार किलोमीटरहून अधिक अंतर आणि मध्ये आल्प्स व पिरेनीज पर्वतांचे चढ. तिच्या विजेत्यांच्या यादीत १९९९ ते २००५ या सात वर्षांपुढे आज कोणाचेच नाव नाही.

त्या सातही वर्षी अमेरिकेचा लान्स आर्मस्ट्राँग पहिला आला होता. कर्करोगातून बरा होऊन जिंकणारा हा माणूस जगभरातील रुग्णांचा आधार बनला होता. २०१२ साली अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने त्याच्या सहकाऱ्यांच्या साक्षी आणि पुरावे समोर आणले, सातही किताब काढून घेण्यात आले. जानेवारी २०१३ मध्ये त्याने दूरचित्रवाणीवर कबुली दिली. ते किताब दुसऱ्या कोणाला देण्यात आले नाहीत, कारण तो काळच संशयाने ग्रासलेला होता.

यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. सगळेच घेत होते, मग मैदान सर्वांना सारखेच झाले; जो जिंकला तोच थोर!

हा युक्तिवाद तपासून पाहू. त्या काळी 'ईपीओ' नावाचे औषध चाले. त्याने रक्तातील तांबड्या पेशी वाढतात आणि स्नायूंना जास्त प्राणवायू मिळतो. ते पकडणारी चाचणी नव्हती, म्हणून १९९७ मध्ये सायकल महासंघाने रक्तातील तांबड्या पेशींच्या प्रमाणाला ५० टक्क्यांची मर्यादा घातली. आता ज्याचे जन्मजात प्रमाण ४० आहे, त्याला औषधाने दहा अंक वाढवता येतात. ज्याचे मुळातच ४८ आहे, त्याला फक्त दोन. मग मैदान सारखे कसे? ज्याचे शरीर औषधाला जास्त साथ देईल आणि ज्याचा डॉक्टर जास्त हुशार, तो पुढे.

शिवाय सगळे घेत नव्हते. ख्रिस्तोफ बासोंस हा फ्रेंच खेळाडू औषध घेत नाही, हे १९९८ च्या चौकशीत त्याच्या सहकाऱ्यांनीच सांगितले होते. १९९९ च्या शर्यतीत त्याने वृत्तपत्रातील आपल्या सदरात उत्तेजकांबद्दल उघडपणे लिहिले. त्याला वाळीत टाकण्यात आले. आर्मस्ट्राँगने धावत्या शर्यतीतच त्याला सुनावले. अखेर शर्यत अर्धवट सोडून तो घरी गेला.

आपल्या दीनमध्ये हुकूकुल्लाह आणि हुकूकुल इबाद असा भेद सांगितला आहे. अल्लाहच्या हक्कात कसूर झाली तर बंदा तौबा करू शकतो; पण बंद्याचा हक्क मारला असेल, तर तो त्या बंद्याला परत करावा लागतो किंवा त्याची माफी मिळवावी लागते. माप मारणाऱ्यांबद्दल कुरआनात सूरह मुतफ्फिफीन आहे. दुकानातला तराजू आणि शर्यतीची रेषा यांत फरक तो काय? आर्मस्ट्राँगचे किताब काढून घेता आले. बासोंसची ती वर्षे त्याला कोण परत देणार?

इस्लामने स्पर्धेला मनाई केलेली नाही. हदीसमध्ये येते की, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेत घोड्यांच्या शर्यती लावल्या. तयारी करून घेतलेल्या घोड्यांना पाच-सहा मैलांचे अंतर दिले आणि तयारी नसलेल्यांना सुमारे एक मैलाचे. दुर्बलाला बलवानाशी जुंपले नाही. समान संधी म्हणजे काय, ते यातून कळते.

आणि थोरवी? प्रेषितांची (स.) सांडणी अज्बा कधी हरत नसे. एकदा एका खेडूत अरबाचा तरुण उंट तिच्या पुढे गेला. सहाबांना (र.) ते फार लागले. तेव्हा प्रेषितांनी (स.) समजावले की, जगात जे जे वर चढते त्याला अल्लाह खाली आणतोच. ज्याला ही गोष्ट पटली, त्याला पहिले राहण्यासाठी सुईचा आधार घ्यावा लागत नाही.

हा प्रश्न फ्रान्सपुरता नाही. अलीकडच्या वर्षांत उत्तेजक चाचण्यांच्या जागतिक अहवालांत, मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांमध्ये दोषी नमुन्यांच्या टक्केवारीत भारत सर्वांत वर दिसला आहे. गल्लीतल्या जिममध्येही 'लवकर अंग भरते' म्हणून इंजेक्शने आणि पावडरी दिल्या जातात. स्टेरॉइडने हृदय व यकृत बिघडते, कोवळ्या वयात हाडांची वाढ वेळेआधी थांबते. आणि खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार, हा नियम आहे. 'मला माहीत नव्हते' म्हटल्याने सुटका होत नाही.

मुलगा किंवा मुलगी स्पर्धेहून आली की आपण आधी विचारतो, कितवा नंबर आला? अम्मी-अब्बांनी आधी विचारावे, मनापासून खेळलास ना? नंबर त्यानंतरही विचारता येतो. कोच काय खायला-प्यायला देतो, डब्यावर काय लिहिले आहे, हेही विचारावे. पाचव्या नंबरावर आलेल्या लेकराला त्या दिवशी घरात मान मिळाला, तर पहिल्या नंबरासाठी सुई पुढे करणाऱ्याला 'नको' म्हणण्याचे बळ त्याला घरातूनच मिळेल.