थ्रेड : ‘डिक्लाइन’, कर्ता हरवलेले क्रियापद

१/ इतिहासाच्या पुस्तकांत आणि अलीकडे आपल्या चर्चांतही एक इंग्रजी क्रियापद सर्रास वावरते : ‘डिक्लाइन’. मोगल सत्ता डिक्लाइन झाली, पानिपतानंतर मराठे डिक्लाइन झाले, बंगालचा कापडधंदा डिक्लाइन झाला. माझे मत असे की, हे क्रियापद इतिहास सांगण्यापेक्षा तो सांगण्याचे टाळते. कसे, ते क्रमाने पाहू.

२/ मूळ लॅटिन ‘डेक्लिनारे’ म्हणजे कलणे, एका बाजूस झुकणे. त्यातून उताराचे चित्र आले. उतारावरची वस्तू आपोआप घसरते. तिला ढकलणारा लागत नाही. खालावण्याच्या अर्थी हे क्रियापद अकर्मक आहे. ‘हे कोणी केले?’ हा प्रश्न त्याच्या व्याकरणातच बसत नाही.

३/ त्याला इतिहासलेखनात प्रतिष्ठा मिळाली ती एडवर्ड गिबनच्या रोमविषयक सहा खंडांमुळे (१७७६–१७८८). दुसऱ्या शतकातील अंतोनिनस सम्राटांपासून निघालेली ही कथा १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडेपर्यंत चालते. साडेबाराशेहून अधिक वर्षे! जे राज्य इतका काळ ‘खालावत’ राहते, ते टिकले कसे, हाच खरा प्रश्न नव्हे काय? गिबनने निदान कारणांची चिकित्सा केली. पुढच्यांनी त्याचे शीर्षक उचलले आणि चिकित्सा सोडून दिली.

४/ उस्मानी तुर्कांचे तेच. १५६६ मध्ये सुलतान सुलेमान वारला आणि ‘डिक्लाइन’ सुरू झाला, असे दीर्घकाळ शिकवले गेले. सल्तनत संपली १९२२ मध्ये, म्हणजे ३५६ वर्षांनी. व्हिएन्नाला तुर्कांचा दुसरा वेढा पडला १६८३ मध्ये, या तथाकथित घसरणीच्या दुसऱ्या शतकात. आज बहुतेक अभ्यासकांनी ही मांडणी सोडली आहे. राज्ययंत्रणा बदलत गेली, असे ते म्हणतात.

५/ आता आपल्याकडे या. औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरजवळ वारला. त्यानंतरचे शतक म्हणजे अंधार आणि अराजक, असे चित्र वसाहतकालीन ग्रंथांनी रंगवले. या चित्राचा एक राजकीय उपयोग होता. भारत आपोआप कोसळत असेल, तर कंपनीने तो जिंकला असे म्हणावे लागत नाही. तिने फक्त सावरला, असे म्हणता येते.

६/ १९८० च्या दशकात सी. ए. बेली, मुझफ्फर आलम यांच्यासारख्या अभ्यासकांनी विचारले : खालावले ते नेमके कोण? दिल्लीच्या बादशहाचा हुकूम चालेनासा झाला, हे खरे. पण त्याच काळात अवध, हैदराबाद, बंगाल आणि पुणे ही केंद्रे वाढत होती. शनिवारवाडा १७३० च्या दशकातला. दिल्लीची ओहोटी ही पुण्याची भरती होती.

७/ मात्र दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. १७३९ मध्ये नादिरशहाने लुटलेल्या दिल्लीकरांना ‘हे केवळ स्थित्यंतर आहे’ असे कोण सांगणार? उर्दूत ‘शहर-आशोब’ हा उजाड नगरांवरील विलापाचा काव्यप्रकार याच शतकात बहरला. त्या विलापाचा एक मोठा स्वर, मीर तकी मीर, १७८२ मध्ये लखनौला गेला. दुःख खरे होते आणि लखनौचा उत्कर्षही खरा होता. एकच क्रियापद दोन्ही सांगू शकत नाही.

८/ ‘पानिपतानंतर मराठे डिक्लाइन झाले’ हे वाक्य तारखांसमोर ठेवून पाहा. १७६१ पानिपत. १७६३ राक्षसभुवनावर निजामाचा पराभव. १७७१ मध्ये मराठे पुन्हा दिल्लीत, आणि पुढच्या जानेवारीत शाह आलम त्यांच्या आधाराने तख्तावर. १७७९ वडगावास इंग्रजांची शरणागती. १७८४ महादजी वकील-इ-मुतलक. १७९५ खर्डा. ही घसरण असेल, तर चढण कशाला म्हणायचे?

९/ खरी पडझड खर्ड्यानंतर सात-आठ वर्षांत झाली आणि तिला नावे आहेत. १७९५ मध्येच सवाई माधवरावांचा मृत्यू, १८०० मध्ये नाना फडणविसांचा. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरला यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजा मोडल्या. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला. १८०३ मध्ये शिंदे-भोसले लढत असता होळकर बाजूला राहिले.

१०/ यातील प्रत्येक पायरीवर कोणीतरी निर्णय घेतला आणि तो वेगळा घेता आला असता. सत्तावन्न वर्षे एका क्रियापदात गुंडाळली की माधवराव आणि महादजी यांचे कर्तृत्व पुसले जाते, आणि वसईला सही करणाराही सुटतो. सगळा भार पानिपतावर पडलेल्यांच्या माथी येतो. हा अन्याय आहे.

११/ कापडधंद्याचेही तसेच. १७२१ च्या कायद्याने इंग्लंडात बहुतेक छापील सुती कापडाच्या वापरावर बंदी आली. पुढे यंत्रे आली. १८१३ मध्ये कंपनीची भारतीय व्यापारातील मक्तेदारी उठली आणि गिरणीच्या कापडाचा लोंढा सुरू झाला. कायदे, जकाती, यंत्रे : सगळे माणसांचेच काम. ‘डिक्लाइन’ म्हटले की विणकर जणू स्वतःहून माग सोडून उठला!

१२/ दादाभाई नौरोजींनी म्हणूनच वेगळा शब्द निवडला : ‘ड्रेन’. आपण त्याला आर्थिक निःसारण म्हणतो. संपत्ती वाहून जाते म्हटल्यावर ती कोठून निघाली, कोठे पोहोचली आणि पाट कोणी काढला, हे विचारावेच लागते. एक शब्द बदलला आणि आरोपपत्र तयार झाले.

१३/ मराठीत शब्दांची वाण नाही. घर मोडकळीस येते, पेढी डबघाईला येते, नीतीचा अधःपात होतो, समुद्राला ओहोटी लागते. प्रत्येकाची छटा वेगळी. पण केवळ भाषांतराने भागणार नाही. ‘ऱ्हास झाला’ या वाक्यालाही कर्ता नाहीच.

१४/ तेव्हा मित्रहो, हे क्रियापद दिसले की तीन प्रश्न विचारा : खालावले ते नेमके काय? कोणत्या मापाने? आणि कोणाच्या कृतीने? उत्तरे मिळाली, तर ते क्रियापद खुशाल वापरा. न मिळाल्यास समजा की लेखकाने शोध अर्ध्यावर सोडला आहे. उरलेला आपण करायचा.

तुमच्या वाचनात आलेले असे एखादे कर्ताहीन वाक्य खाली जरूर लिहा. त्याचा कर्ता मिळून शोधू.