काढायला आलेले इम्प्लांट आणि हरवलेला स्टिकर

स्तनातील इम्प्लांट काढून घ्यायला आलेल्या रुग्णाच्या हातात बहुधा एकही कागद नसतो. इम्प्लांट कोणत्या कंपनीचे, स्मूथ की टेक्श्चर्ड, किती सीसीचे, स्नायूखाली की ग्रंथीखाली, यातले काहीच तिला माहीत नसते. लॉट क्रमांकाचा स्टिकर मूळ रुग्णालयाच्या केसपेपरवर चिकटवलेला असतो आणि तो केसपेपर एव्हाना रद्दीत गेलेला असतो. मूळ सर्जनला फोन केला की ‘जुने रेकॉर्ड ठेवत नाही’ हे ठरलेले उत्तर मिळते.

हा केवळ कारकुनी गलथानपणा नव्हे. इम्प्लांटशी निगडित लिम्फोमा (बीआयए-एएलसीएल) प्रामुख्याने टेक्श्चर्ड पृष्ठभागाशी जोडलेला आहे. म्हणूनच जुलै २०१९मध्ये ॲलरगनची टेक्श्चर्ड बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत बोलावली गेली. लक्षणे नसतील तर ती काढण्याची गरज नाही, असे अमेरिकेच्या एफडीएने तेव्हाच सांगितले. पण आपले इम्प्लांट त्यातलेच आहे का, हेच जिला कळत नाही तिला हा दिलासा कसा द्यायचा? २०१०मध्ये फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने औद्योगिक दर्जाचे सिलिकोन भरल्याचे उघड झाले, तेव्हाही हाच प्रश्न आला होता. ब्रिटनने त्यातून धडा घेऊन २०१६मध्ये इम्प्लांटची नोंदवही सुरू केली. इथे मात्र स्टिकर रुग्णाला देणेही अनेकांना जड जाते.

दुसरा घोळ ‘एन ब्लॉक’चा. समाजमाध्यमांवर वाचून रुग्ण हाच शब्द घेऊन येते आणि काही सर्जन तो जाहिरातीतही वापरतात. एन ब्लॉक, म्हणजे इम्प्लांट भोवतीच्या कॅप्सूलसकट अखंड काढणे, हे लिम्फोमा सिद्ध झाल्यावर किंवा त्याचा दाट संशय असल्यावर आवश्यक ठरते. एरवी बरगड्यांना घट्ट चिकटलेली मागची कॅप्सूल ओरबाडताना न्यूमोथोरॅक्स ओढवू शकतो. तिथे थोडी कॅप्सूल मागे ठेवणे हा शहाणपणा. थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा यांसाठी इम्प्लांट काढून घेणाऱ्या अनेक रुग्णांना बरे वाटते; कॅप्सूल किती निघाली यावर ते अवलंबून असल्याचे दिसलेले नाही.

इम्प्लांट बसवल्यावर वर्षभरानंतर उद्भवलेला सेरोमा, म्हणजे इम्प्लांटभोवती साठलेला द्रव, मात्र साधा समजून फेकू नये. द्रव सायटोलॉजीला आणि सीडी३० तपासणीला गेलाच पाहिजे. संशयास्पद कॅप्सूल पॅथॉलॉजीला जाते, बादलीत नाही.

रुग्णाला शस्त्रक्रियेपूर्वी सांगायच्या गोष्टी थोड्या, पण टाळल्या जाणाऱ्या. पूर्ण भूल, एक ते तीन तास, गरजेप्रमाणे काही दिवस ड्रेन. हलके काम आठवड्या-दोन आठवड्यांत, जड उचलणे चार ते सहा आठवड्यांनी. हिमॅटोमा, संसर्ग, स्तनाग्राच्या संवेदनेतील बदल संभवतात. मुख्य म्हणजे ताणलेली त्वचा सैल पडते आणि स्तन आधीच्यापेक्षा चपटे दिसू शकतात. अंतिम आकार ठरायला काही महिने लागतात. मॅस्टोपेक्सी किंवा फॅट ग्राफ्टिंग त्याच वेळी की नंतर, हे त्वचेचा रक्तपुरवठा पाहून ठरवावे. आरशात पाहून धक्का बसलेली रुग्ण ही बहुतेकदा जिला आधी हे सांगितलेच नव्हते अशी रुग्ण असते.

काढलेल्या इम्प्लांटचे छायाचित्र आणि त्यावरचे अक्षरांकन ऑपरेशन नोटमध्ये नोंदवावे. नवे इम्प्लांट घालणाऱ्या प्रत्येक सर्जनने स्टिकरची एक प्रत डिस्चार्ज कार्डावर चिकटवून रुग्णाच्या हाती द्यावी, या महिन्यापासून.