आधी वाळू, मग लाट

भिंत बांधली की किनारा वाचला, असे आपण धरून चालतो. पण भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळूच ओढून नेते. त्यापेक्षा लाट समुद्रातच फोडावी, ही कृत्रिम खडकामागची कल्पना. पाण्याखालच्या या अडथळ्यावर लाटेचा जोर ओसरतो, आडोशाला वाळू साचते आणि फळीवरून लाटांवर स्वार होणाऱ्या सर्फिंगवाल्यांचीही चंगळ होते.

ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टवरील नॅरोनेक येथे १९९९-२००० साली वाळू भरलेल्या ४०० हून अधिक महाकाय पिशव्यांचा असा खडक रचला गेला. सोबत किनाऱ्यावर १० लाख घनमीटरहून अधिक वाळूही टाकली. किनारा सावरला. इंग्लंडमधील बॉस्कम येथे मात्र सर्फिंगसाठीच सुमारे ३० लाख पौंड खर्चून खडक उभारला. तो २००९ मध्ये खुला झाला आणि पिशव्यांचे नुकसान झाल्याने २०११ मध्ये धोकादायक म्हणून बंद करावा लागला.

माझ्या मते धडा साधा आहे. खडक वाळू धरून ठेवतो, निर्माण करत नाही. उद्या कोकणात कुणी असा प्रस्ताव आणलाच, तर आधी विचारावे : वाळू कुठून आणणार? आणि दहा वर्षांनी डागडुजीचा खर्च कोण उचलणार? याचे चोख उत्तर मिळाले, तर लाटेची मौज खुशाल लुटावी!