पिंजरा कोणासाठी?

पिरंगुटहून मुठा खोऱ्याकडे जाणारा रस्ता आमच्या उरवडे गावावरून जातो. पुढे टेमघर धरण लागते, मग घाट आणि लवासा. रविवारी सकाळी पुण्याकडून येणाऱ्या मोटारींचा आवाज घरात बसूनही ऐकू येतो. अशाच एका रविवारी माझा एक जुना विद्यार्थी आपली मोटार घेऊन दारात उभा राहिला. मोटार दहा वर्षांची. पण आत एक नवी गोष्ट होती. पुढच्या आसनांच्या मागे आणि छताच्या खालून जाड नळ्यांचा एक पिंजरा जोडलेला होता.

"सर, रोल केज बसवून घेतली. आता गाडी उलटली तरी चिंता नाही," तो म्हणाला. मागच्या आसनावर त्याचा नववीत शिकणारा धाकटा भाऊ बसला होता. त्याचे डोके आणि पाठीमागची आडवी नळी यांत चार बोटांचेही अंतर नव्हते.

मी त्या पिंजऱ्याचे कौतुक केले नाही. तो हिरमुसला. त्या दिवशी त्याला जे समजावले तेच येथे लिहीत आहे. कारण असे पिंजरे आता ठिकठिकाणी दिसतात, आणि ते पाहून 'मोठा झालो की मीही बसवीन' असे म्हणणारी मुले माझ्या ओळखीची आहेत. माझे मत सरळ आहे. पिंजरा ही उत्तम वस्तू आहे, पण ती शर्यतीच्या मार्गावरच्या मोटारीसाठी आहे. शिरस्त्राण घातलेल्या आणि आसनाला घट्ट बांधलेल्या माणसालाच ती वाचवते. इतरांच्या दृष्टीने ती डोक्याजवळ टांगलेली पोलादी पहार आहे.

आधी हा प्रकार काय आहे ते पाहू. कोइंबतूरजवळची करी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील मार्ग, किंवा २०११ साली ग्रेटर नोएडा येथे सुरू झालेला बुद्ध आंतरराष्ट्रीय मार्ग, अशा बंदिस्त मार्गांवर हौशी लोकांना शुल्क भरून स्वतःची मोटार वेगाने चालवता येते. अशा दिवसाला 'ट्रॅक डे' म्हणतात. तेथे समोरून वाहन येत नाही, रस्त्यात गुरे नसतात, आणि मदतीचे पथक सज्ज असते. तरीही मोटार उलटू शकते. ती उलटली की छत दबते आणि आतल्या माणसाची जागा कमी होते. ही जागा राखणे हे पिंजऱ्याचे काम. पुण्याचे संजय टकले देशोदेशींच्या रॅलींत मोटार चालवतात. अशा रॅलीत पिंजरा नसलेल्या मोटारीला आरंभरेषेवर उभेच करत नाहीत.

आता नळीची निवड. भरीव सळई घ्यावी की पोकळ नळी? एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटार संघटनेच्या नियमावलीत मुख्य कमानीसाठी ४५ मिलिमीटर बाह्य व्यासाची आणि २.५ मिलिमीटर जाडीची, किंवा ५० मिलिमीटर व्यासाची आणि २ मिलिमीटर जाडीची, बिनजोड पोलादी नळी सांगितली आहे. पहिल्या नळीचे वजन मीटरला सुमारे २.६ किलोग्रॅम भरते. तेवढ्याच पोलादाची भरीव सळई केली, तर तिचा व्यास साधारण २०.६ मिलिमीटर येईल. वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. नळीसाठी बाहेरच्या व्यासाच्या चौथ्या घातातून आतल्या व्यासाचा चौथा घात वजा करावा. ४५ आणि ४० या संख्या घेऊन हा हिशेब करा. उत्तर १५,४०,६२५ येते. सळईसाठी ते सुमारे १,८०,००० येते. म्हणजे पोलाद तेवढेच, पण नळीचा ताठपणा साडेआठपट! बांबू पोकळ का असतो आणि सायकलची चौकट नळ्यांची का असते, याचे उत्तर याच गणितात आहे.

मग व्यास आणखी वाढवून जाडी आणखी कमी का करू नये? ५० मिलिमीटरची नळी ४५च्या नळीपेक्षा वजनाने सुमारे एक दशांश हलकी असूनही १५ टक्के जास्त ताठ असते, हे खरे. पण जाडी फारच कमी झाली की नळी एकसंध वाकण्याऐवजी पत्र्याच्या डब्यासारखी एका जागी चेपते, आणि चेपलेल्या जागी तिची ताकद संपते. म्हणून नियमात व्यासाबरोबर जाडीही दिलेली असते.

माझ्या विद्यार्थ्याच्या पिंजऱ्याची नळी बाहेरून भक्कम दिसत होती. एक टोक उघडे होते. तेथे व्हर्निअर लावला, तर जाडी १.६ मिलिमीटर भरली. ती पत्रा गोल वळवून शिवण जोडलेली नळी होती. फाटकाला किंवा मंडपाला वापरतात तसली. ज्या कारखान्यात हे काम झाले त्याने फसवले असे मी म्हणत नाही. त्याला नळ्या जोडायला सांगितल्या, त्याने जोडल्या. कोणती नळी, किती जाडीची, हा प्रश्न विचारणे गिऱ्हाइकाचे काम होते आणि ते राहून गेले.

दुसरी गोष्ट आकाराची. चार काड्यांचा चौकोन करून कोपऱ्यांत टाचण्या लावा आणि बाजूने ढकला. चौकोन लगेच तिरका होतो. आता एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत पाचवी काडी लावा. चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि तो हलत नाही. त्रिकोणाच्या बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही, हे तुम्ही भूमितीत शिकला आहात. चांगल्या पिंजऱ्यात मुख्य कमानीला अशी तिरपी नळी असतेच. या मोटारीत ती नव्हती. का, असे विचारल्यावर उत्तर आले, "मागे बसायला अडचण होते."

तिसरी गोष्ट बसवण्याची. मोटारीचा तळ पातळ पत्र्याचा असतो. त्यावर नळी नुसती टेकवून जोडली आणि वरून मोटारीचा भार आला, तर नळी पत्र्यातून आरपार जाईल. उभी सुई कापडातून जाते तशी. ४५ मिलिमीटरच्या नळीच्या काटछेदाचे क्षेत्रफळ अवघे ३.३ चौरस सेंटिमीटर असते. म्हणून पायाखाली निदान १२० चौरस सेंटिमीटरची आणि ३ मिलिमीटर जाडीची पट्टी जोडावी असा नियम आहे. बल तेवढेच राहते, पण दाब छत्तीसपट कमी होतो. पाय बोल्टांनी बसवायचा असेल तर प्रत्येक पायाला किमान तीन बोल्ट लागतात, तेही ८ मिलिमीटरचे आणि ८.८ प्रतीचे. नळी वाकवायची ती थंड असताना, आणि वळणाची त्रिज्या व्यासाच्या तिपटीपेक्षा कमी नको. नाहीतर आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात. वेल्डिंग नळीच्या सर्व बाजूंनी पूर्ण हवे. छताजवळ हात पोचत नाही म्हणून वरची बाजू तशीच सोडणे ही नेहमीची चूक. या मोटारीतही ती होती.

समजा, या सर्व चुका सुधारल्या. मग तर तो पिंजरा रस्त्यावर चालेल ना? नाही. आणि हेच मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

ताशी ६० किलोमीटर वेगाच्या मोटारीची गतिज ऊर्जा म्हणजे तीच मोटार १४ मीटर उंचीवरून खाली पडण्यासारखे आहे. ही ऊर्जा कोठेतरी खर्च व्हायला हवी. बेला बारेनी या अभियंत्याने १९५१ साली ज्या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, ती हीच: मोटारीची पुढची-मागची बाजू चुरगळू द्यावी, मधली माणसांची खोली मात्र टिकवावी. चुरगळताना थांबण्याचे अंतर वाढते आणि त्वरण कमी होते. आजच्या मोटारीत खोलीचे खांब मुळातच जास्त ताकदीच्या पोलादाचे असतात. कित्येक मोटारींत बाजूने पडद्यासारखी हवेची पिशवीही उघडते. तिच्या वाटेत नळी आली तर पिशवी नीट उघडणार कशी?

आता त्या मुलाच्या डोक्याचा विचार करा. धक्का बसला आणि डोके सेकंदाला ६ मीटर वेगाने नळीवर आदळले. हा वेग ताशी बावीस किलोमीटरच्याही आतला आहे. पोलाद दबत नाही. समजा, डोके ५ मिलिमीटरमध्ये थांबले. वेगाच्या वर्गाला अंतराच्या दुपटीने भागा. त्वरण ३६०० मीटर प्रति सेकंद वर्ग येते, म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या सुमारे ३६७ पट. तेच डोके ५० मिलिमीटरमध्ये थांबले, तर त्वरण ३७ पटीवर येते. शर्यतीचा चालक शिरस्त्राण घालतो, खांद्यांवरून आणि कमरेवरून येणाऱ्या पट्ट्यांनी आसनाला जखडलेला असतो, आणि डोक्याजवळच्या नळ्यांवर कठीण फोमचे अस्तर असते, ते यासाठी. या मोटारीतल्या नळीवर वातानुकूलन यंत्राच्या नळीला गुंडाळतात तसला मऊ काळा स्पंज होता. बोटाने दाबला की तो सपाट होत होता. रोजच्या रस्त्यावर शिरस्त्राण घालून मोटारीत कोणी बसत नाही. मागे बसणारा भाऊ तर नाहीच नाही.

कायद्याचा मुद्दाही आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. मोटारीपुढे लावल्या जाणाऱ्या बुलबारविरुद्ध केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवले, ते याच कलमाच्या आधारे. बुलबारही 'संरक्षणासाठी' म्हणूनच लावले जात होते.

कोणी म्हणेल, हौशी तरुणांना नाउमेद का करता? तसे नाही. विद्यार्थ्यांनी पिंजरे जरूर बनवावेत. २००७ साली मध्य प्रदेशातील पीथमपूर येथे सुरू झालेल्या बाहा स्पर्धेत अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः एका आसनाची गाडी बांधतात. मुख्य नळीचा व्यास २५ मिलिमीटर, जाडी ३ मिलिमीटर, पोलादात कार्बन निदान ०.१८ टक्के, शिरस्त्राणापासून नळी किमान १५२ मिलिमीटर दूर, असे तिचे नियम. परीक्षक प्रत्येक गोष्ट तपासतात आणि नियम मोडला तर गाडी मैदानात येऊ देत नाहीत. हौस अशी करावी: मोजून, आणि दुसऱ्याकडून तपासून घेऊन.

"मग आता काढून टाकू का?" विद्यार्थ्याने विचारले. मी त्याच्यापुढे दोनच मार्ग ठेवले. ही मोटार फक्त ट्रॅकसाठी ठेवायची असेल, तर मागचे आसन काढ, नियमाप्रमाणे नवा पिंजरा जाणत्याकडून बसव, आणि ती मार्गापर्यंत दुसऱ्या वाहनावर लादून ने. नाहीतर पिंजरा काढ आणि मूळचे पट्टे सर्वांनी लावा, मागे बसणाऱ्यानेही. तो काही बोलला नाही. पण निघताना त्याने भावाला पुढच्या आसनावर बसवले आणि पट्टा लावायला सांगितले. पुढच्या महिन्यात पिंजरा निघाला. ट्रॅकवर जायची त्याची इच्छा अजून आहे, आणि त्यासाठी तो पैसे साठवतो आहे.

शिक्षक मित्रांना एक विनंती आहे. त्रिकोणाची दृढता, दाब, गतिज ऊर्जा हे सारे धडे आपण वेगवेगळ्या तासांना शिकवतो. मुलांना वर्गात काड्यांचा चौकोन ढकलू द्या, पोकळ आणि भरीव यांचे गणित करू द्या, आणि मग शाळेच्या बसचे खांब नि पट्टे पाहायला बाहेर न्या. 'मजबूत दिसते' आणि 'मजबूत आहे' यांतला फरक ज्या मुलाने एकदा स्वतः मोजला, त्याला पुढे कोणी केवळ जाड नळी दाखवून भुलवू शकणार नाही.